आकडा कुठवर खरा? भार धरणाऱ्या डायनोविषयी



विषय वाचून काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं मोटारगाड्यांच्या डायनोवर काय बोलावं? पण या मालेत आपण प्रमाणांविषयी बोलतो आहोत. एखादी गोष्ट आपल्याला कळली, असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा आपला प्रश्न आहे. आणि हा प्रश्न तेलाच्या वासासकट भेटायचा असेल, तर डायनोच्या खोलीसारखी जागा नाही. तिथं एक तरुण साठवलेले पैसे मोजतो, त्याची गाडी रोलरवर चढते, पट्ट्यांनी जखडली जाते, इंजिन ओरडतं, आणि पडद्यावर आकडा येतो. समजा, १२० हॉर्सपॉवर. हा आकडा खरा आहे का? असेल, तर कशाविषयी खरा आहे?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं ते तपासत जाता येईल. तो आकडा एकट्या गाडीचा नसतो. गाडी, तिच्यासमोर ठेवलेलं ओझं आणि त्या दिवसाची हवा, या तिघांचा मिळून असतो. ओझं रस्त्याला जितकं धरून, तितका आकडा कामाचा.

ताकद दिसते कधी?

आपल्यापैकी वयानं मोठ्या मंडळींनी विहिरीवरची मोट पाहिली असेल. बैल उतारावरून चालतात, पाण्यानं भरलेली मोट वर येते. वजन किती, किती उंच आलं आणि किती वेळात आलं, एवढं कळलं की बैलांची शक्ती कळली. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचललं, की झाली एक मेट्रिक हॉर्सपॉवर, म्हणजे सुमारे ७३५ वॅट. जेम्स वॉटनं घोड्यांवरून ठरवलेली इंग्रजी हॉर्सपॉवर किंचित मोठी आहे, ७४६ वॅटची. म्हणून कंपनीच्या पत्रकात १०० ‘पीएस’ लिहिलं असेल, तर ते ९८.६ ‘बीएचपी’ होतात. एकाच गाडीचे दोन आकडे, आणि दोन्ही खरे.

इंजिनाच्या बाबतीत उंची नसते, फिरणं असतं. तिथं दोन गोष्टी लागतात. एक टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर. पान्यानं नट सोडवताना मनगटाला जाणवतो तो. दुसरी गोष्ट मिनिटाला किती फेरे, ती. न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले फेरे, भागिले ९५४९, की किलोवॅट मिळाले. १५० न्यूटन-मीटर टॉर्क ४००० फेऱ्यांना असेल, तर सुमारे ६३ किलोवॅट.

आता गंमत पाहा. फेरे मोजणं सोपं आहे, पण टॉर्क मोजायचा तर कुणीतरी विरोध करावा लागतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन नुसतं ओरडत वर जाईल. आवाज होईल, पेट्रोल जळेल, पण ताकद किती आहे ते कळणार नाही. कारण ताकद लावायला समोर काही नाही. हे फ्रान्समधल्या प्रोनी यांनी १८२१ मध्ये ओळखलं. फिरत्या दांड्याला लाकडी ठोकळ्यांनी करकचून आवळायचं, ठोकळ्यांना एक आडवा दांडा जोडायचा आणि त्याच्या टोकाला वजन लावून तोल साधायचा. १८७७ मध्ये इंग्लंडच्या विल्यम फ्रूड यांनी लाकडाच्या जागी पाणी आणलं आणि जहाजांची मोठी इंजिनं मोजता येऊ लागली. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ म्हणतात त्यातला ब्रेक तो हा. ताकद मोजणारं यंत्र जन्माला आलं तेच मुळी ब्रेक म्हणून.

शंकरपट आणि नांगर

आजच्या गॅरेजांत गाडीचं इंजिन न काढता, चाकांवरच मोजमाप होतं. त्याला चॅसिस डायनो म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन.

पहिला इनर्शिया डायनो. चाकांखाली एक जड पोलादी ढोल असतो. गाडी गिअरमध्ये टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. ढोल किती भरभर वेग घेतो ते मोजायचं. ढोलाचं जडत्व आधीच माहीत असतं, त्यामुळं त्याला तेवढा वेग द्यायला किती शक्ती लागली, हे गणितानं निघतं. काही सेकंदांत काम संपलं.

दुसरा भार धरणारा, म्हणजे लोड डायनो. त्यात रोलरला ब्रेक जोडलेला असतो, आणि तो ब्रेक हवा तेवढा आवळता येतो. ‘३००० फेऱ्यांवर थांब’ असं सांगितलं, की तुम्ही ॲक्सिलरेटर कितीही दाबा, यंत्र तेवढा विरोध वाढवतं आणि इंजिन ३००० वरच राहतं, जणू न संपणारा घाट चढतं आहे.

आपल्या विदर्भाच्या भाषेत सांगायचं तर पहिला म्हणजे शंकरपट, दुसरा म्हणजे नांगर. पटात जोडी हलक्या गाडीनिशी काही सेकंद पळते आणि कोण सरस ते कळतं. पण ती जोडी जूनमध्ये काळ्या जमिनीत दिवसभर नांगर ओढेल का, कुठं अडेल, कधी धापा टाकेल, हे पटावर कळत नाही. ते नांगराला जुंपल्यावरच कळतं.

ब्रेकच्या पोटात

बहुतेक लोड डायनोंमधला ब्रेक घासत नाही. त्यात लोखंडी चकत्या विद्युतचुंबकांच्या मधून फिरतात. चुंबकात वीज सोडली, की फिरत्या चकतीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते तिच्या फिरण्यालाच विरोध करतात. वीज वाढवा, विरोध वाढतो. ब्रेकचं धड मोकळं टांगलेलं असतं, त्याला चकतीबरोबर फिरावंसं वाटतं, आणि एक दांडा त्याला अडवतो. दांड्याच्या टोकाला जोर मोजणारा लोड सेल असतो. जोर गुणिले दांड्याची लांबी, म्हणजे टॉर्क.

आता यातलं आम्हाला सर्वांत आवडतं ते सांगतो. या सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सची खातरजमा कशी करतात? दांड्याला माहीत असलेलं वजन टांगून. एक मीटरच्या दांड्याला २० किलोचं वजन टांगलं, तर यंत्रानं १९६ न्यूटन-मीटर दाखवलं पाहिजे. प्रोनीचं टांगलेलं वजन २०० वर्षांनंतरही तिथंच आहे. ट्यूनरला विचारायचा पहिला प्रश्न हाच : वजन शेवटचं कधी टांगलं होतं?

आणि गाडीनं दिलेली शक्ती जाते कुठं? उष्णतेत. ६० किलोवॅट म्हणजे दोन किलोवॅटचे तीस गीझर एका खोलीत चालू. म्हणून लोड डायनोवर गाडी पूर्ण भारानं फार वेळ धरत नाहीत. ब्रेक तापला की त्याची पकड बदलते. शिवाय गाडीचा वेग १०० दिसतो, पण ती जागची हललेली नसते. रेडिएटरवर वारा नाही. म्हणून समोर मोठे पंखे लागतात. पंखा लहान असेल, तर आकडा इंजिनाचा राहत नाही, खोलीचा होतो.

एका वेळी एक बदल

ट्यूनिंगला भार धरणं का लागतं, ते आता पाहू. आधुनिक गाडीच्या ईसीयूमध्ये तक्ते असतात. आडव्या ओळीत फेरे, उभ्या ओळीत इंजिनावरचा भार. १६ बाय १६ चा तक्ता धरला तर २५६ घरं. प्रत्येक घरात लिहिलेलं असतं, की इथं पेट्रोल किती आणि ठिणगी किती आधी. ट्यूनिंग म्हणजे ही घरं भरणं.

पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते. पूर्ण जोर काढताना मात्र पेट्रोल थोडं जास्त देतात, प्रमाण १२.५ ते १३ च्या आसपास आणतात. त्यानं जोरही मिळतो आणि आतला ताप आटोक्यात राहतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल, तर १४.७ चा आकडाच साडेतेराच्या जवळ येतो. म्हणजे जुन्या पेट्रोलवरचे ठोकताळे तसेच वापरले, तर हिशेब चुकतो.

मग ठिणगीची वेळ. समजा लोड डायनोनं इंजिन ३००० फेऱ्यांवर आणि ठरलेल्या भारावर धरलं. आता फक्त ठिणगी एक अंश आधी करा. टॉर्क वाढला? आणखी एक अंश. पुन्हा वाढला? आणखी एक. एका जागी वाढ थांबते. जिथं पूर्ण टॉर्क पहिल्यांदा मिळाला, तिथंच थांबायचं, पुढं ढकलायचं नाही. पुढं नॉकिंग असतं : मिश्रण आपल्या वेळेआधी भडकतं, पिस्टनवर हातोडे बसतात. पुष्कळ इंजिनांत, विशेषतः टर्बो असलेल्यांत, सर्वोत्तम टॉर्क येण्याआधीच नॉकिंग येतं. तिथं त्याच्याही अलीकडं थांबावं लागतं.

आमच्या विषयात या पद्धतीला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट असताना परिणाम दिसतो आणि नसताना दिसत नाही, बाकी सगळं तसंच असतं, तर कारण सापडलं. सगळं वजन ‘बाकी सगळं तसंच’ या शब्दांवर आहे. इनर्शिया डायनोवर फेरे, ताप, हवेचा प्रवाह, सगळं दर क्षणी बदलत असतं. लोड डायनो बाकीचं जग पुष्कळसं स्थिर धरतो, म्हणून कारणाकडं बोट दाखवता येतं.

आणखी एक मुद्दा. इनर्शिया डायनोची धाव बहुधा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून होते. म्हणजे त्या २५६ घरांपैकी ती एकाच टोकाच्या ओळीला भेट देते. गाडीचं आयुष्य मात्र उरलेल्या घरांत जातं. आपल्याकडं शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू होतो. मुंबईकडं ७०१ किलोमीटर. मे महिन्याच्या दुपारी ताशी १२० वेगानं, चार माणसं आणि सामान घेऊन, एसी लावून, तासन् तास तीच गती. इंजिनाला तिथं निम्म्याच्या आसपास जोर लावावा लागतो, पण अखंड. दुसरीकडं चिखलदऱ्याचा घाट : वेग कमी, भार जास्त, रेडिएटरला वारा नाही. या दोन्ही ठिकाणची घरं पूर्ण दाबलेल्या काही सेकंदांच्या धावेत कधी उघडतच नाहीत. तिथं पेट्रोल कमी पडत असेल किंवा ठिणगी फार आधी असेल, तर आलेख सुंदर आणि पिस्टन वितळलेला, असं होऊ शकतं.

नागपूरची हवा

इंजिनाला ताकद देते ती मुळात हवा. हवा विरळ, तर ताकद कमी. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे. त्यानं दाब साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी होतो. ४५ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा आठ टक्के विरळ. जानेवारीतल्या पहाटे आणि मेमधल्या दुपारी एकच गाडी मोजली, तर आकडे वेगळे येणारच.

म्हणून दुरुस्तीचा गुणक लावतात. अमेरिकेतलं एक प्रचलित मानक हवा २५ अंश आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतं, आणि आजचा आकडा त्या हवेत किती झाला असता, ते सांगतं. नागपुरात मेमध्ये हा गुणक आकडा सात-आठ टक्क्यांनी वर नेऊ शकतो. यात खोटं काही नाही, जोवर सांगितलं जातं तोवर. पण खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर तापलेल्या इंजिनाजवळ ठेवला आणि त्यानं २० अंश जास्त दाखवले, तर आकडा आणखी तीन-चार टक्के फुगतो. टर्बो गाडी विरळ हवेची भरपाई काही अंशी स्वतःच करते. तिला पूर्ण गुणक लावला तर आकडा पुन्हा फुगतो. आणि चाकांवर मोजलेल्या आकड्यात ‘गिअरबॉक्समध्ये जाते’ म्हणून सरसकट १५ टक्के मिळवले, तर तो अंदाज होतो, मोजमाप नव्हे.

न्यायशास्त्रात याला उपाधी म्हणतात. जिथं अग्नी तिथं धूर, असं आपण म्हणतो, पण धूर ओल्या लाकडामुळं असतो. ती अट न सांगता नियम सांगितला, की अनुमान फसतं. हवा, सेन्सरची जागा, गुणक, टायरमधला दाब, या डायनोच्या आकड्याच्या उपाध्या आहेत. त्या लिहून ठेवलेला आकडा ज्ञान देतो. न लिहिलेला आकडा जाहिरात करतो.

टेकडीवरची परीक्षा

इथवर हा प्रश्न हौशी मंडळींचा वाटला असेल. पण तो आपल्या सगळ्यांच्या श्वासाचा आहे. पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’, म्हणजे एआरएआय, ही संस्था आहे. स्थापना १९६६ ची. देशात विकायच्या गाड्यांची धुराची परीक्षा जिथं होते, अशा प्रमुख जागांपैकी ती एक. ती परीक्षाही भार धरणाऱ्या चॅसिस डायनोवरच होते.

तिथं रस्ता खोलीत आणायची रीत पाहण्यासारखी आहे. आधी गाडी सपाट ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती लवकर मंदावते ते मोजतात. त्यातून तिला रस्त्यावर कोणत्या वेगाला किती विरोध होतो, ते कळतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट, तर विरोध चौपट, आणि त्याला लागणारी शक्ती आठपट. हे सगळं डायनोला सांगतात, मग तो तसा भार देतो. चालक पडद्यावरच्या ठरलेल्या आलेखाप्रमाणे गाडी चालवतो आणि धूर गोळा होतो. भारतीय गाड्यांसाठीच्या या आलेखाचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे.

यात फट कुठं राहिली, ते २०१५ मध्ये जगाला कळलं. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटानं काही डिझेल गाड्यांत धूर मोजणारी यंत्रं ठेवून त्या रस्त्यावर फिरवल्या. फोक्सवॅगनची जेट्टा नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादेच्या १५ ते ३५ पट धूर सोडत होती, पसाट ५ ते २०. प्रयोगशाळेतल्या रोलरवर मात्र दोन्ही नियमात. गाडीतल्या सॉफ्टवेअरला परीक्षा ओळखता येत होती : स्टिअरिंग वळत नाही, वेग ठरलेल्या आलेखाबरहुकूम, म्हणजे आपण रोलरवर आहोत. मग ती शहाण्या मुलासारखी वागायची.

भारतात एआरएआयनं तपासणी केली. काही गाड्या रस्त्यावर बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट धूर सोडतात, असं निघालं. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीनं सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलण्याची घोषणा केली. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सर्वोच्च न्यायालयानं त्यावरची सक्तीची कारवाई थांबवली. भारतात रस्त्यावरच्या चाचणीची मर्यादाच त्या वेळी नव्हती, आपण बीएस-४ चा नियम मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं.

हे म्हणणं नीट ऐका. नियमात लिहिलं होतं, की गाडी रोलरवर इतका धूर सोडेल. रस्त्यावर किती, ते लिहिलंच नव्हतं. म्हणजे साधनानं मोजलं त्यालाच आपण साध्य समजून बसलो होतो. पुढं आपल्याकडं एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात गाडी खऱ्या रस्त्यावर चालवून धूर मोजण्याची अट आली. रोलर गेला नाही, पण त्याला आता साक्षीदार मिळाला.

नैयायिक आणि मीमांसक यांचा जुना वाद आहे. ज्ञान खरं आहे हे त्या ज्ञानातूनच कळतं, की बाहेरून? नैयायिक म्हणतात, बाहेरून. पाणी दिसलं, गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा ते दिसणं खरं ठरलं. डायनोच्या बाबतीत आम्ही नैयायिकांच्या बाजूनं आहोत. पडद्यावरचा आकडा स्वतःची ग्वाही स्वतः देऊ शकत नाही. ती घाट देतो, महामार्ग देतो, आणि रस्त्याकडेच्या माणसाचं फुफ्फुस देतं.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*मग इनर्शिया डायनो कुचकामी समजायचा का?*

मुळीच नाही. ढोलाचं जडत्व बदलत नाही, त्यामुळं तोच डायनो, तीच हवा, तोच गिअर ठेवून ‘आधी’ आणि ‘नंतर’ची तुलना तो फार चांगली करतो. आमचं म्हणणं एवढंच, की तुलनेसाठी तो वापरा, घरं भरायला भार धरणारा वापरा. आणि एका गॅरेजातला आकडा दुसऱ्या गॅरेजातल्या आकड्याशी भिडवू नका.

*गाडी ट्यून करून घ्यायची असेल तर काय विचारावं?*

चार गोष्टी विचारा. वजन टांगून यंत्र कधी तपासलं? आकडा चाकांवरचा की हिशेबानं वाढवलेला? गुणक कोणता, आणि गुणकाशिवायचा आकडा किती? आणि चौथं, अर्ध्या ॲक्सिलरेटरची घरं भार धरून तपासली का? त्याबरोबर कायदाही पाहा. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलण्यावर बंधनं घालतं. गाडी शर्यतीच्या ट्रॅकसाठी असेल तर गोष्ट वेगळी. नंबरप्लेट लावून वर्धा रोडवर आणायची असेल, तर आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्या. एवढं विचारल्यावर जो ट्यूनर चिडत नाही आणि आलेखाची पूर्ण प्रत, हवेच्या नोंदींसकट, तुमच्या हातात देतो, त्याच्याकडं गाडी द्यायला हरकत नाही.